नाताळच्या सुट्टीतली संसद

लोकसभेची मुदत किती? पाच वर्षं, शाळकरी पोरही सांगेल. एकोणिसाव्या शतकात लंडनची पार्लमेंट तर सात वर्षांपर्यंत चालू शकायची. आणि तीन दिवसांची? तशी एक संसद १८९१ च्या डिसेंबरात चक्क आपल्या नागपुरात भरली होती!

तिचं नाव भारतीय राष्ट्रीय काँग्रेस. मराठी माणसं तिला राष्ट्रीय सभा म्हणत. कायदा करायचा अधिकार शून्य, तिजोरीची किल्ली नाही, साधा शिपाई नेमायची सत्ता नाही. पण थाट बघा: प्रांताप्रांतातून आलेले ८१२ प्रतिनिधी, ठराव, अनुमोदनं, दुरुस्त्या, वादावादी, आणि खुर्चीवर अध्यक्ष. गंमत म्हणजे ज्या मध्य प्रांताच्या राजधानीत हे चाललं होतं, त्याला स्वतःचं कायदेमंडळ पुढची वीस वर्षं तरी मिळायचं नव्हतं. घरात चूल नाही आणि अंगणात गावजेवण!

पण तीनच दिवस का? कारण ऐकून हसू येईल. पुढाऱ्यांत वकिलांचा भरणा, आणि नाताळात कोर्टं बंद. म्हणून देशाची सभा डिसेंबरअखेरीला. ते नागपूरला पोचायचे कसे? मुंबईहून रुळ १८६७ मध्येच आले होते. पूर्वेकडे बंगाल-नागपूर रेल्वेची वाट आसनसोलला जाऊन भिडली ती नेमकी १८९१ मध्ये. नकाशा उघडून बघा, नागपूर देशाच्या मधोमध. चारी दिशांच्या लोकांना सारखंच लांब, म्हणजेच सारखंच जवळ.

आता खरी नवलाई. दरवर्षी गाव नवं आणि अध्यक्षही नवा. १८८५ ला मुंबईत ७२ जणांपुढे कलकत्त्याचे व्योमेशचंद्र बॅनर्जी, पुढच्या वर्षी कलकत्त्यात मुंबईचे दादाभाई नौरोजी, मग मद्रासला मुंबईचेच बद्रुद्दीन तय्यबजी. लक्षात आलं? यजमान एका प्रांताचा, तर खुर्ची सहसा दुसऱ्या प्रांताच्या माणसाला. १८८५ ते १९०० या काळात सोळा अधिवेशनं झाली आणि चौदा वेगवेगळी माणसं त्या खुर्चीवर बसली. बॅनर्जी आणि दादाभाई तेवढे दोनदा. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती, त्यात एक स्कॉटिश व्यापारी आणि एक आयरिश खासदारसुद्धा. तेव्हा पक्की घटना नव्हती की गुप्त मतदान नव्हतं. तरी एकही अध्यक्ष खुर्चीला चिकटला नाही. चिकटणार कशाला? मंडप उतरला की खुर्चीही उतरायची!

मग वर्षभर गाडा कोण ओढायचं? सरचिटणीस ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. निवृत्त आय.सी.एस. अधिकारी, आणि पक्ष्यांचा असा वेडा की त्यानं जमवलेले हजारो नमुने ब्रिटिश म्युझियमला गेले. अध्यक्ष म्हणजे नवरदेव, मिरवून मोकळा. लग्नघर सांभाळणारा काका हा.

नागपूरचे नवरदेव होते मद्रासचे वकील पी. आनंदाचार्लू, पहिल्या ७२ जणांपैकीच एक. त्यांच्या मंडपात देशाच्या उपासमारीचा ठराव झाला: पाच कोटी माणसं भुकेच्या काठावर जगताहेत. आणि आणखी एक विलक्षण प्रश्न निघाला. पुढचं अधिवेशन लंडनला भरवायचा बेत होता. ते होईपर्यंत इथली सभा थांबवावी का? विचार करा, सहा वर्षांचं ते लेकरू, त्याचा श्वास रोखून धरायचा की नाही हे नागपुरात ठरत होतं! थांबायचं नाही, असं ठरलं. लंडनचा बेत बारगळला, आणि १८९२ मध्ये मंडप अलाहाबादला उभा राहिला. त्याच वर्षी दादाभाई खऱ्याखुऱ्या पार्लमेंटमध्ये निवडून गेले, आणि १८९३ मध्ये खासदार असतानाच लाहोरला पुन्हा या बिनसत्तेच्या संसदेचे अध्यक्ष झाले. एका साम्राज्याच्या दोन सभा, एकीत सत्ता, दुसरीत नुसता आवाज, आणि दोन्हीकडे तोच म्हातारा!

विदर्भाचा एक योगायोग मला अजून उलगडलेला नाही. १८९१ ला नागपूर, आनंदाचार्लू. १८९७ ला अमरावती, सी. शंकरन् नायर. १९२० ला पुन्हा नागपूर, सी. विजयराघवाचारियर. तिन्ही वेळा अध्यक्ष मद्रास इलाख्यातला!

आणि १९२० च्या त्याच अधिवेशनात या संसदेची मुदत अखेर तीन दिवसांच्या पुढे गेली. गांधीजींच्या पुढाकारानं नवी घटना आली, वर्षभर काम पाहणारी कार्यकारिणी आली, भाषावार प्रांत आले, चार आण्यांचं सभासदत्व आलं. तो मंडप जिथे उभा होता त्या भागाला नागपूरकर आजही काँग्रेसनगर म्हणतात.