पुढचा नंबर

सकाळी साडेसहा. शटर वर केलं की पहिलं काम आरसे पुसण्याचं. घुग्घुसमध्ये दुकान रात्रभर बंद असलं तरी फटीतून कोळशाची धूळ आत येते, आणि ती ओल्या फडक्यानेच पुसावी लागते. तोवर रात्रपाळी सुटलेली असते. नायगाव, मुंगोलीकडून परतणारी माणसं घरी जाता जाता दाढी उरकून घेतात.

धूळ बसलेल्या गालावर थेट वस्तरा चालवता येत नाही. एखादा कण पात्याखाली आला तर कातडी ओरबाडली जाते. म्हणून आधी तोंड धुवायला लावतो, कोमट ओला नॅपकिन दाबून धरतो, मग फेस. पण याच गावात मी पाहत आलोय: खाणीतल्या बाबूच्या गालावर ही धूळ असेल तर त्याला नॅपकिन मिळतो. झारखंड-ओडिशातून ठेकेदारीवर आलेल्या, काळ्यासावळ्या मजुराच्या गालावर असेल तर त्याला ऐकवतात, "खुर्ची खराब होते, संध्याकाळी पाहू." खुर्ची रेक्झिनची आहे. दोन्ही वेळा एकाच फडक्याने पुसली जाते.

आठ. आज 15 ऑक्टोबर, त्यामुळे बाकडं भरलेलं. पांढरे कपडे घालून माणसं चंद्रपूरच्या दीक्षाभूमीला निघाली आहेत. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा झाली, आणि दोनच दिवसांनी, 16 तारखेला, बाबासाहेब आंबेडकरांनी चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, येऊन इथल्या लोकांना दीक्षा दिली. त्या दिवशी तिथे हजर असलेले एक आजोबा दरवर्षी माझ्याकडे दाढी करून जात. आता त्यांचा नातू येतो.

या दिवशी दाढी करताना मला साताऱ्याची आठवण होते. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय की लहानपणी त्या भावंडांचे केस त्यांची थोरली बहीण कापायची. साताऱ्यात न्हावी होते, द्यायला पैसेही होते, पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला एकही तयार नव्हता. ते न्हावी माझ्याच जातीचे. माझे आजोबा वर्धेपलीकडच्या खेड्यात बलुतं घेऊन काम करायचे, आणि महारवाड्यात त्यांचीही धोकटी कधी उघडली नाही. उघडली असती तर पाटलाच्या खळ्यावरचं धान्य बंद झालं असतं, हे खरं आहे. पण धाक होता तेवढंच सांगून भागत नाही. लग्नात ज्याला स्वतःला पंगतीबाहेर जेवायला बसवायचे, तो न्हावी "आपण त्यांना शिवत नाही" यात मान मानायचा. धाक आणि मान असे एकमेकांत मिसळले की पुढच्या पिढीला तीच स्वतःची आवड वाटायला लागते.

साडेदहा. गर्दी ओसरली. लोडिंगवरचा एक मजूर आत आला आणि बाकड्यावर बसला. माझ्या हाताखाली भाचा शिकतो. त्याची खुर्ची रिकामी होती, तरी तो कात्री पुसत राहिला. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "मामा, मले नाही जमत त्याची दाढी. तुमीच करून टाका न जी."

मी त्याला मागच्या मोरीपाशी नेलं. विचारलं, तो पिऊन आलाय का? नाही. काही बोलला? नाही. गालावर फोड, गजकर्ण? नाही. मग काय?

"कसंतरीच वाटते."

कसंतरी वाटणं खोटं नसतं, हे मला ठाऊक आहे. आमचं काम अंगाला हात लावण्याचं. माणूस डोळे मिटून मान मागे टाकतो, आपण त्याचं नाक चिमटीत धरून ओठावरचा केस काढतो, गळ्याच्या घाटीवर पातं धरतो. घरचे सोडले तर इतक्या जवळ त्याला कुणी येऊ देत नाही. एवढ्या जवळच्या कामात कारागिराला नाही म्हणण्याचा हक्क असलाच पाहिजे. दारू प्यालेल्याला मी बसवत नाही. शिव्या देणाऱ्याला अर्ध्या दाढीवर उठवलंय. मालिश करताना अंगचटीला येणाऱ्याला पुन्हा दारात उभं केलं नाही. हे सगळं त्या त्या माणसाच्या वागण्यामुळे. समोरचा मजूर मात्र गप्प बसून नंबराची वाट पाहत होता. भाच्याला नकोसा होता तो त्याचा रंग, त्याची बोली, आणि त्याची जात कोणती असेल याचा अंदाज.

कायदाही मी त्याला सांगितला. 1955 चा अस्पृश्यता गुन्हे कायदा, 1976 च्या दुरुस्तीपासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात तो. अस्पृश्य मानून सेवा नाकारणं त्यात गुन्हा आहे. संविधानाच्या 15 व्या कलमात दुकानाची दारं सर्वांना उघडी ठेवताना जातीबरोबर वंश आणि जन्मस्थानही लिहिलंय, म्हणजे बाहेरगावचा मजूरही त्यात आला. पण भाच्याने ऐकलं ते कायद्यामुळे नाही. मी त्याचा हात धरून त्या माणसाच्या गालावर ठेवला आणि म्हटलं, केस कुठल्या दिशेने वाढलेत ते बोटाने पाहा. कानाखाली त्याची दाढी भोवऱ्यासारखी फिरलेली होती. तिथे उलटा वस्तरा मारला तर रक्त येतं. भाचा वाकून पाहू लागला. दाढी त्याने पूर्ण केली, तुरटीही नीट फिरवली.

दुपारी एक. जेवण घरी. पुढच्या खोलीत बायको बायकांचं पार्लर चालवते. जेवताना तिचा फोन वाजला. कुणा पुरुषाला मालिश हवी होती, तीही घरी येऊन. तिने नाही म्हणून फोन ठेवला, कारण दिलं नाही, द्यायची गरजही नाही. ज्या बाईला बंद खोलीत काम करायचं असतं तिने स्वतःच्या जिवासाठी आखलेली ही रेघ आहे, तिची आणि जातीवरून परतवण्याची बरोबरी कुणी करू नये. तिला दुसऱ्याही तऱ्हेचे फोन येतात. नवरीच्या मेकअपची तारीख, दर, सगळं ठरतं आणि शेवटी हळूच प्रश्न येतो, "ताई, तुमचं आडनाव काय?"

साडेतीन. घरपोच दाढी, आमराई वॉर्डाच्या बाजूला. 2022 च्या ऑगस्टमध्ये इथलंच एक घर बघता बघता जमिनीत गेलं. खाली जुनी भूमिगत खाण. आज ज्यांच्याकडे गेलो ते काकाजी खाणीतून निवृत्त झाले, आता लकव्याने पडून असतात. उजवा गाल सैल पडलाय. दोन बोटांनी कातडी ताणून धरल्याशिवाय पातं फिरत नाही. डोकं उशीवरून उचलताना त्यांची सून मदत करते. काखेतले केसही काढून देतो, नाहीतर घामोळं होतं.

पाच. दुकानात दुसरा कारागीर आहे, उत्तर प्रदेशातला, मुसलमान. फेड कटिंगमध्ये त्याचा हात माझ्याहून साफ आहे. त्याची खुर्ची रिकामी असताना एक जुनं गिऱ्हाईक म्हणालं, "भाऊ, तुमच्याच हातानं करून देजा." अमुक कारागिराचा हात बसलाय म्हणून थांबणारे पुष्कळ असतात, त्यांना मी थांबू देतो. पण हे गिऱ्हाईक आजवर कुणाकडेही बसत आलं होतं. मी म्हटलं, नंबर त्यांच्याकडे आहे. गिऱ्हाईक उठून गेलं. कारागिराने झटकलेलं कापड घडी करून ठेवलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

सात. पाणी तापेपर्यंत भाच्याला 1890 ची गोष्ट सांगितली. नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक, 'दीनबंधू'चे संपादक. त्यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा घेऊन ठरवलं की विधवांचं केशवपन आपण करायचं नाही. गिऱ्हाईक नाकारण्याचा आमच्या जातीने केलेला सगळ्यात मोठा निर्णय तो. तिथे वस्तरा ज्या बाईच्या डोक्यावर चालायचा तिचं मन कुणी विचारत नव्हतं; नकार तिच्यासाठी होता. भाच्याने विचारलं, "अन् पैसे बुडाले असतील त्याईचे?" बुडाले असणारच, म्हटलं.

साडेनऊ. शटर खाली घेताना पलीकडचा सलूनवाला आला. सकाळच्या मजुराला आधी त्यानेच परत पाठवलं होतं. म्हणाला, "आपलं दुकान, आपली मर्जी. कोणाले बसवाचं ते आपण ठरवाचं."

"पिऊन आला तर हाकल, मी तुझ्या बाजूनं उभा राहीन," मी म्हटलं. "गाव पाहून, रंग पाहून हाकलायचं नाही."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मंग मी त्याईले तुह्याकडेच पाठवत जातो. तुलेही धंदा, मलेही तरास नाही."

"नाही पाठवायचं. वर्षभरात माझं दुकान त्यांचं दुकान होईल अन् तुझं चांगल्या लोकांचं. हॉटेलातल्या वेगळ्या कपबश्या अशाच सुरू झाल्या होत्या. तुझ्याच खुर्चीवर बसव."

सोमवारी सगळ्यांची सुट्टी असते. त्या दिवशी या ओळीतल्या सगळ्या सलूनवाल्यांना माझ्या दुकानात बोलावलंय. त्यालाही ये म्हटलंय.