उत्तर राखून ठेवणारे भाषा-प्रारूप

भाषा-प्रारूप म्हणजे प्रचंड मजकूर वाचून, समोरच्या शब्दांपुढे कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक आहे हे शिकलेली संगणकीय रचना. चॅटजीपीटी आणि जेमिनी यांच्यामागे अशीच प्रारूपे काम करतात. विचारणाऱ्याला ताबडतोब पूर्ण उत्तर द्यावे, असे वळण त्यांना लावलेले असते आणि वर्गात नेमके हेच वळण घातक ठरते, कारण गणित सुटणे आणि गणित येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत सुमारे १,००० विद्यार्थ्यांवर झालेल्या व २०२५ मध्ये नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, साधे प्रारूप हाताशी असलेल्या मुलांची सरावातील कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली, परंतु ते काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा ती मुले, ज्यांना ते कधी मिळालेच नव्हते त्यांच्याही १७ टक्के मागे पडली. दुसऱ्या गटाच्या प्रारूपाला मात्र प्रत्येक गणिताचे उत्तर, त्यात नेहमी होणाऱ्या चुका आणि त्यावर द्यायच्या सूचना शिक्षकांच्या मदतीने आधीच पुरवल्या होत्या, आणि उत्तर थेट सांगण्यास मनाई होती. त्या गटाचे हे नुकसान बहुतांशी टळले.

नालासोपारा पूर्वेच्या आचोळ्यासारख्या, अनेक भाषांची कुटुंबे शेजारी राहणाऱ्या वस्तीत उत्तर राखून शिकवण्याच्या या कामाला आणखी एक पदर आहे. हिंदी बोलणाऱ्या घरातले मूल ‘एक छेद दोन’ऐवजी ‘एक बटा दो’ म्हणते, आणि ज्याला मराठीत अपूर्णांक म्हणतात त्याला हिंदीत ‘भिन्न’ म्हणतात, तर मराठी कानाला भिन्न म्हणजे वेगळे. असे मूल १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ लिहिते, तेव्हा त्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलेला असतो. उत्तर ५/६ आहे असे सांगून प्रारूप मोकळे झाले, तर मूल ते उतरवून घेते व चूक जागच्या जागी राहते. त्याऐवजी ‘अर्ध्या भाकरीत आणखी एक तुकडा मिळवला, मग २/५ हे अर्ध्यापेक्षा कमी कसे?’ असे विचारले, तर चूक मुलाला स्वतःला दिसते. शिकवण्याचा सारा गाभा या एका प्रश्नात आहे.

असे प्रश्न प्रारूपाला कुठून मिळणार? पुण्याच्या ‘एलथ्रीक्यूब’ गटाने २०२२ मध्ये सुमारे २ कोटी ४८ लाख मराठी वाक्यांचा ‘महाकॉर्पस’ खुला केला, ही मराठीसाठी मोलाची कामगिरी होय. मात्र त्यातील मोठा भाग बातम्यांचा आहे, आणि बातमीचे मराठी वेगळे, फळ्यासमोरचे वेगळे. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ हे वाचनही आले आणि त्यावर राज्यभर वाद झाला. ज्या प्रारूपाला हे ठाऊक नाही, ते ‘वीस एक’ म्हणणाऱ्या मुलाला चुकीचे ठरवू शकते. शब्दांखेरीज लिपीचीही अडचण आहे: संगणकाच्या प्रचलित लिपी-संकेतात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणून ‘विद्यार्थी’ या एका शब्दाला ३० बाइट होतात. प्रारूपे मजकुराचे तुकडे पाडून वाचतात, आणि ज्यांची घडण मुख्यतः इंग्रजीवर झाली आहे त्यांत मराठी वाक्याचे तुकडे इंग्रजीपेक्षा अधिक पडतात, त्यामुळे खर्च वाढतो.

तयार प्रारूपाला वळण देण्यासाठी ते मुळापासून घडवावे लागत नाही. ‘लोरा’ या २०२१ मधील पद्धतीत मूळ प्रारूपातील आकडे आहेत तसेच ठेवून, त्यांना जोडलेला एक लहानसा भाग तेवढा शिकवला जातो, त्यामुळे मर्यादित साधनांतही हे साधते; मुलांच्या चुका आणि त्यांवरचे नेमके प्रश्न यांचे नमुने निवडून गोळा केलेले असावेत, एवढीच खरी अट. मुलांचे नाव वा ओळख त्यांत येता कामा नये, कारण २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलाच्या माहितीसाठी पालकांची पडताळणी करता येण्याजोगी संमती आवश्यक ठरवली आहे.

हे नमुने कोणत्याही कंपनीच्या भांडारात नाहीत. ते वह्या तपासणाऱ्या शिक्षकांच्या डोक्यात आहेत आणि वर्ष संपले की विसरले जातात. आचोळ्यातील आणि एकूणच वसई तालुक्यातील शिक्षकांनी मुलाचे नाव न लिहिता ‘चूक काय झाली, मुलाने कोणता शब्द वापरला, कोणत्या प्रश्नाने ती चूक सुधारली’ एवढी नोंद आजपासून ठेवावी.