शिकणाऱ्या शिक्षकाचा मान

दुकानात नवा गुमास्ता आला, की पहिल्या दिवशी जुने मुनीमजी त्याला बाजूला घेऊन दोन गोष्टी समजावून सांगतात. त्याच्या हातून चूक झाली, तर गिऱ्हाइकासमोर ते बोलत नाहीत. दुकान वाढवल्यावर बोलतात. ही रीत आपल्या घरांतून कुणी कागदावर लिहून ठेवलेली नाही, तरी ती पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते. चारचौघांत पाणउतारा झालेला माणूस काम शिकत नाही, तो फक्त चूक लपवायला शिकतो, हे व्यापाऱ्याला अनुभवाने ठाऊक असते.

हीच साधी गोष्ट शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गात पाळली जातेच असे नाही. आपल्यापैकी कितीतरी जण शिक्षणसंस्थांचे विश्वस्त आहेत, आणि अनेक घरांतील लेकी-सुना शाळांत शिकवतात. म्हणून हा विषय आपल्या घरचाच समजून लिहीत आहे.

बँकेतून निवृत्त झाल्यानंतर एका शिक्षणसंस्थेच्या सल्लागार मंडळावर मी काम करू लागलो. दोन वर्षांपूर्वी तालुक्यातील चार शाळांच्या शिक्षकांसाठी दोन दिवसांचा वर्ग भरवण्यात आला होता. आर्थिक साक्षरतेवरील एक सत्र माझ्याकडे होते, त्यामुळे माझी खुर्ची व्यासपीठावर होती. वाचनकौशल्याच्या सत्रात मागच्या रांगेतील एक शिक्षिका उभ्या राहिल्या. वय पन्नाशीच्या पुढचे, नोकरी सगळी खेड्यात झालेली. त्यांनी प्रश्न मांडायला सुरुवात केली, आणि त्यांच्या बोलण्यात ‘आणि’ ऐवजी ‘आनि’ आले. मार्गदर्शकांनी ध्वनिक्षेपकावरून तोच उच्चार हेल काढून दोनदा म्हणून दाखवला आणि विचारले, “बाई, मुलांना वाचायला तुम्हीच शिकवता ना?” सभागृह हसले. बाईंनी वाक्य अर्धवट सोडले व त्या खाली बसल्या.

चहाच्या वेळी मी त्यांना गाठले आणि प्रश्न काय होता ते विचारले. त्या म्हणाल्या, “सर, माझ्या वर्गातली निम्मी पोरं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात आनि पाडव्याच्या सुमाराला परत येतात. तोवर वाचन पार विसरलेली असतात. त्यांचं काय करायचं, तेवढंच विचारायचं होतं. आता जाऊ द्या. इथून पुढं मी ऐकायला येईन, बोलायला नाही.”

मला त्या घटनेची आजही टोचणी आहे ती दोन कारणांनी. पहिले असे, की मी व्यासपीठावर होतो आणि गप्प बसलो. पाहुण्या मार्गदर्शकांना अडवणे बरे दिसणार नाही, असा मी सोयीस्कर विचार केला. हसणाऱ्यांत मी नव्हतो, पण हसू थांबवणाऱ्यांतही नव्हतो. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. त्या दिवशी एका बाईंचा अपमान तर झालाच, शिवाय त्यांचा प्रश्नही हरवला. त्या दोन दिवसांत विचारला गेलेला तो बहुधा सर्वांत मोलाचा प्रश्न होता. वर्गाच्या खर्चाचा हिशेब संस्थेने चोख ठेवला. हे नुकसान मात्र कोणत्याही कीर्द-खतावणीत चढले नाही.

याच्या अगदी उलट अनुभव मी बँकेत घेतला आहे. शाखांमध्ये संगणक आले, तेव्हा आमच्याकडे एक ज्येष्ठ लिपिक होते. त्यांचे अक्षर मोत्यासारखे होते, पण कळफलकावर बोट ठेवताना त्यांचा हात थरथरे. शिकवायला आलेला अधिकारी त्यांच्या मुलाच्या वयाचा होता. त्याने वर्गात त्यांना एकदाही पुढे बोलावले नाही. रोज सायंकाळी व्यवहार बंद झाले, की तो त्यांच्याशेजारी अर्धा तास बसे आणि आधी जुन्या खातेवहीतील बारकावे त्यांच्याकडून समजावून घेई. महिन्याभरात ते लिपिक दिवसाची जुळवणी स्वतः करू लागले. त्या तरुणाने आदरशीलतेवर एकही व्याख्यान दिले नव्हते.

शिक्षकांचे प्रशिक्षण आता क्वचित घडणारी गोष्ट राहिलेली नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. म्हणजे शिक्षक दरवर्षी कितीतरी दिवस विद्यार्थ्याच्या बाकावर बसणार. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने बालकाला शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. ज्याने वर्गात मुलाला टोचून बोलू नये असे आपण म्हणतो, त्यालाच प्रशिक्षणात टोचून बोलले, तर तो वर्गात काय घेऊन जाईल?

यातील काही बाबी निव्वळ सौजन्याच्या आहेत. बोलीवरून, गावावरून, माध्यमावरून किंवा वयावरून विनोद करू नये. एखाद्याला पुढे बोलावण्यापूर्वी त्याची तयारी आहे का, हे पाहावे. कुणाचे छायाचित्र वा चित्रफीत त्याच्या संमतीवाचून व्हॉट्सअॅप गटावर टाकू नये. ऐकू कमी येणाऱ्यास पुढची जागा द्यावी, आणि जिना चढू न शकणाऱ्यासाठी वर्ग तळमजल्यावर घ्यावा. सत्र ठरल्या वेळी संपवावे; दूर खेड्यात परतणाऱ्या शिक्षिकेची शेवटची एसटी चुकली, तर तीही तिची अवहेलनाच होय.

काही बाबी मात्र कायद्याच्या आहेत. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा शाळेच्या कुंपणाशी थांबत नाही. नोकरीच्या निमित्ताने कर्मचारी जिथे जातो ते ठिकाण, आणि मालकाने पुरवलेले वाहनसुद्धा, त्या कायद्यानुसार कामाचेच ठिकाण ठरते. निवासी वर्गाचे सभागृह, भोजनकक्ष आणि परतीची बस या सर्वांना तो लागू होतो. दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. तिची अध्यक्ष महिला असावी लागते, आणि निम्म्याहून कमी महिला सदस्य चालत नाहीत. त्याहून लहान शाळेतील शिक्षिकेला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांत करावयाची असते. आपल्या संस्थेत ही समिती केवळ फाइलमध्ये आहे की तिच्या सदस्यांची नावे फलकावर लावलेली आहेत, हे विश्वस्तांनी स्वतः जाऊन पाहावे.

मर्यादा एकाच बाजूने पाळावयाची नसते. हजेरीपत्रकावर सही करून निघून जाणे, सत्र चालू असता वह्या तपासणे, तरुण मार्गदर्शक बोलू लागला की “आम्ही तुझ्याआधी वीस वर्षे शिकवतोय” असे ऐकवणे, हाही अनादरच आहे. शिकवणाऱ्यालाही शिकणाऱ्यांकडून मान मिळावा लागतो.

त्या घटनेनंतर मी संस्थेपुढे एक लहानसा प्रस्ताव ठेवला. वरील नियम एका पानावर लिहावेत. ते मार्गदर्शकांना निमंत्रणाबरोबर पाठवावेत आणि वर्गाच्या आरंभी मोठ्याने वाचावेत. काही खटकल्यास कुणाला सांगायचे, अशा दोन व्यक्तींची नावे जाहीर करावीत, त्यांतील एक महिला असावी. मंडळात थोडी कुरबुर झाली. “शिक्षकांना आता वागणे शिकवायचे का?” असे एकाने विचारले. मी म्हटले, बँकेत प्रामाणिक माणसालाही तिजोरीची दुसरी किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी लागते, आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही. प्रस्ताव मंजूर झाला.

गेल्या वर्षीच्या वर्गात ते पान मीच वाचले. त्या बाई आल्या नव्हत्या. त्या वर्षी त्या निवृत्त झाल्या होत्या. म्हणून वाचनाच्या सत्रात मी उभा राहिलो, तो प्रश्न एका अनुभवी शिक्षिकेचा आहे असे सांगून त्यांच्याच शब्दांत मांडला आणि ‘आनि’ तसेच ठेवले. कुणी हसले नाही. एका शिक्षकाने हंगामी वसतिगृहाच्या योजनेतून गावातील मुले आजी-आजोबांजवळ कशी ठेवता आली, ते सांगितले. दुसरीने जाणाऱ्या मुलांबरोबर गोष्टींची पुस्तके देऊन दर आठवड्याला फोनवरून वाचून घेण्याचा आपला प्रयोग सांगितला, आणि तो कुठे फसला तेही मोकळेपणाने सांगितले. चर्चा चाळीस मिनिटे चालली.

सायंकाळी मी त्या बाईंना दूरध्वनी करून सर्व उत्तरे कळवली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाल्या, “सर, हे मला एक वर्ष आधी मिळालं असतं, तर माझी शेवटची तुकडी तरी वाचती झाली असती.”

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.