धुक्याचे दिवे : उपयोग आणि नियम

पावसाळा सरून भाताची कापणी झाली की पालघर जिल्ह्याच्या सखल भागात पहाटेच्या वेळी धुके उतरू लागते. खाड्यांचा शेजार, सूर्या प्रकल्पाच्या कालव्यांनी ओलावलेली शेते आणि निरभ्र, शांत रात्री ही कारणे येथे एकत्र येतात. उत्तर भारतातल्याप्रमाणे दिवसभर रेंगाळणारे हे धुके नव्हे. ऊन वर आले की ते विरते. परंतु नेमक्या त्याच वेळी बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीकडे पहिल्या पाळीचे कामगार सायकलींवरून वा पायी निघालेले असतात आणि चिल्हार फाट्यावरून मुंबई-अहमदाबाद महामार्गाकडे ये-जा करणारे टँकर व ट्रेलरही त्याच रस्त्यावर असतात.

हवामानशास्त्रात दृश्यता १,००० मीटरपेक्षा कमी झाली की धुके म्हणतात. ती २०० मीटरच्या आत आली की दाट आणि ५० मीटरच्या आत आली की अतिदाट. अशा वेळी समोरचे दिसेनासे झाले की चालक सवयीने हेडलाइटचा झोत वर करतो. याचा परिणाम उलटा होतो. धुक्यातील जलबिंदू तो प्रकाश विखुरतात, त्याचा मोठा भाग चालकाच्याच डोळ्यांकडे परततो आणि पुढे पांढरी भिंत उभी राहते. धुक्याचा दिवा म्हणूनच बंपरच्या पातळीवर, खाली बसविलेला असतो. त्याचा झोत आडवा, रुंद आणि वरच्या बाजूने कापलेला असल्याने तो नजरेच्या रेषेखालून जाऊन रस्त्याची कड दाखवितो. त्याचा पल्ला मात्र तोकडा असतो, तेव्हा मंद झोतातील हेडलाइट चालू ठेवूनच तो वापरावयाचा. पिवळा दिवा धुके भेदतो हा समज सर्वत्र आढळतो. पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असल्याने रंगाने फारसा फरक पडत नाही. दिव्याची उंची आणि झोताचा आकार यांनाच खरे महत्त्व आहे.

दिवा कितीही चांगला असला तरी वेगाचे गणित बदलत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. धोका दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत तेवढे अंतर जाते आणि कोरड्या रस्त्यावर पूर्ण थांबण्यास आणखी २३ मीटरच्या आसपास लागतात. म्हणजे एकूण ४० मीटर झाले. दवाने ओल्या झालेल्या रस्त्यावर किंवा भरलेल्या ट्रकच्या बाबतीत हे अंतर आणखी वाढते. ३० मीटरवरचा सायकलस्वार या हिशेबात वाचत नाही. वेग ताशी ४० किलोमीटर असता तर याच मोटारीला २१ ते २२ मीटर पुरले असते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०५ नुसार सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत, तसेच पुरेसा उजेड नसेल अशा कोणत्याही वेळी, वाहनाचे दिवे लावणे बंधनकारक आहे. सकाळचे आठ वाजले म्हणून धुक्यात दिवे मालविण्याची मुभा मिळत नाही. समोरच्याचे डोळे दिपतील असा झोत नियम १०६ ला मान्य नाही. नियम १११ अन्वये वाहनाच्या पुढे शोधदिवा लावण्यास मनाई असून अपवादासाठी नोंदणी प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. बाजारातून आणून दुचाकीच्या हँडलला किंवा ट्रकच्या टपावर बसविलेले प्रखर एलईडी दिवे ‘फॉग लाइट’ या नावाने विकले जातात, पण धुक्यात ते निरुपयोगी आणि समोरून येणाऱ्यास घातक असतात. वाहनात बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकास मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८२-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारास ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

काही मोटारींना मागेही धुक्याचा लाल दिवा असतो. तो टेल लॅम्पपेक्षा पुष्कळ प्रखर असल्याने दाट धुक्यात मागच्यास वेळीच सावध करतो. हवा स्वच्छ झाल्यावरही तो चालू राहिला तर मागच्याचे डोळे दिपतात आणि ब्रेकचा दिवा लागला की नाही तेच कळत नाही. चारही इंडिकेटर चालू ठेवून धुक्यात गाडी हाकण्याची पद्धतही अशीच फसवी आहे, कारण वाहन कोणीकडे वळणार हे त्यातून समजत नाही. ते दिवे बंद पडून उभ्या राहिलेल्या वाहनासाठी आहेत. असे वाहन धोकादायक स्थितीत उभे ठेवण्यास कलम १२२ ने मनाई केली आहे. ते शक्य तितके रस्त्याबाहेर घ्यावे आणि मागे पुरेशा अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवावा. झाडाची फांदी वा दगड मांडून ठेवल्याने धुक्यात काहीच दिसत नाही, उलट वाहन हलविल्यावर तोच दगड मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला आडवा येतो.