पेटी फुटण्याआधी

फेब्रुवारी सरत आला की महाबळेश्वर-जावळी पट्ट्यातल्या मधपाळाचे डोळे जांभळाच्या शेंड्यांकडे लागतात. जांभूळ म्हणजे इथलं हुकमी पीक; गेळा, हिरडा त्याला पुढेमागे हातभार लावतात. नेमकी याच दिवसांत एखाद्या स्वच्छ उन्हाच्या सकाळी गच्च भरलेल्या पेटीच्या दारातून माश्यांचा लोट बाहेर पडतो, अंगणभर घोंघावतो आणि जवळच्या फांदीला लगडतो. त्यात जुनी राणी असते आणि पेटीतल्या निम्म्याहून जास्त कामकरी माश्या असतात. निघताना त्यांनी पोट भरून मधही घेतलेला असतो. मागे राहतात थोड्या माश्या, पिलावा (अंडी, अळ्या, कोष) आणि अजून जन्मायची असलेली राणी. जांभूळ फुलून जातो, मधकोठी मात्र रिकामीच राहते.

माशीच्या बाजूने पाहिलं तर यात काहीच बिघडलेलं नाही. वसाहत फुटणं हीच तिची वंशवाढ. एका मोहोळाची दोन झाली, म्हणजे तिचं वर्ष सार्थकी लागलं. पंचाईत एवढीच, की तिचा मुहूर्त आणि आपल्या मधाचा मुहूर्त एकच असतो. आपल्याकडची सातेरी तर या बाबतीत परदेशी मेलिफेरापेक्षा उतावीळ. मेलिफेरा शेकडो वर्षं पेटीत पाळली गेलेली, धिम्या चालीची. सातेरी मूळची झाडाच्या ढोलीतली आणि कपारीतली. ढोलीत जागा मोजकीच, म्हणून भरली की निघायचं.

फुटणं आणि पळून जाणं यांची मात्र गल्लत करू नये. उपासमार झाली, मुंग्या लागल्या, मेणपतंगाच्या अळ्यांनी पोळी पोखरली किंवा माणसाने उठसूट पेटी उघडली, तर सातेरी सगळी वसाहत घेऊन चालती होते. मागे कोणी उरत नाही. पळून जाते ती गांजलेली वसाहत. फुटते ती सुखवस्तू.

सुखवस्तू वसाहत फुटायला निघते ती का? पहिलं कारण गर्दी. राणीच्या अंगातून एक गंधद्रव्य स्रवतं. तिच्या भोवतीच्या माश्या ते चाटून एकमेकींना देत राहतात आणि त्यातून सगळ्या वसाहतीला कळतं की राणी जागेवर आहे. दाटी वाढली की हा निरोप कडेकोपऱ्यापर्यंत पोचत नाही. राणी म्हातारी असेल तर मुळात तो निरोपच क्षीण असतो. दुसरं कारण नवशिक्यांच्या लक्षात फारसं येत नाही. फुलोरा सुरू होतो, मकरंद धो धो येतो आणि तो ठेवायला वर जागा नसेल, तर माश्या तो पिलाव्याच्या रिकाम्या घरांत भरतात. राणीला अंडी घालायला घर उरत नाही. पिलांना भरवणाऱ्या तरुण माश्या बेकार होतात. अशा हजारो बेकार माश्या घरात बसल्या, की त्या नव्या राणीसाठी राणीघरं बांधायला घेतात.

म्हणून उपायाची सुरुवात जागेपासून होते, आणि ती वेळेआधी व्हावी लागते. पिलाव्याच्या सात-आठ चौकटींपैकी शेवटच्या दोन सोडून बाकी सगळ्यांवर माश्या दाटल्या, की वर मधकोठी चढवायची. मकरंदात निम्म्याहून अधिक पाणी असतं. ते उडवायला माश्या तो थेंब-थेंब करून पसरून ठेवतात. पिकलेल्या मधापेक्षा कच्च्या मकरंदालाच जास्त जागा लागते ती यामुळे. आधी काढलेली जुनी पोळी शाबूत असतील तर ती मधकोठीत द्यावीत. मेण घडवण्यात माश्यांचा पुष्कळ मध खर्ची पडतो, तो वाचतो. मधयंत्राचा खरा फायदा हाच. पोळं पिळायचं नाही, फिरवून मध काढायचा आणि रिकामं पोळं परत द्यायचं. ही सोय झाली ती अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथमुळे. १८५१ साली त्याने ताडलं, की सहा ते नऊ मिलिमीटरची फट माश्या ना मेणाने भरतात, ना डिंकाने बुजवतात. तेवढं अंतर ठेवलं की चौकट सुटी राहते, उचलता येते.

आता जरा हिशेब. अंड्यातून कामकरी माशी बाहेर यायला जवळपास तीन आठवडे लागतात. त्यानंतरही दोन-तीन आठवडे ती घरकामातच असते: साफसफाई, पिलं भरवणं, पोळं बांधणं. मग ती रानात जाते. म्हणजे जांभळावर जी माशी बसायला हवी, तिचं अंडं पाच-सहा आठवडे आधी पडलेलं असावं लागतं. फुलोरा दिसल्यावर पेटी बळकट करायला घेणारा मधपाळ पुढच्या हंगामाची तयारी करत असतो, या हंगामाची नव्हे. त्यातही एक पेटी वीस हजार माश्यांची असेल, तर ती दहा-दहा हजारांच्या दोन पेट्यांपेक्षा जास्त मध देते. अमेरिकी संशोधक सी. एल. फरार याने १९३७ मध्ये हे मोजून मांडलं. पिलावा सांभाळायला आणि घर ऊबदार ठेवायला लागणाऱ्या माश्या दोन्ही पेट्यांत ठेवाव्या लागतात. मोठ्या पेटीत त्या वाटणीतून वाचलेल्या माश्या रानात जातात. ऐन फुलोऱ्यात फुटलेली पेटी निम्म्यापेक्षा कमी मध देते, त्याचं गणित हेच.

फुटायच्या हंगामात दर सात दिवसांनी पेटी पाहायची. राणीघर साधारण आठव्या दिवशी मेणाने बंद होतं आणि हवा चांगली असेल तर थवा त्याच सुमाराला उडतो. दहा दिवसांनी येणाऱ्याला रिकामं घर पाहायला मिळतं. धूर बेताचाच द्यावा. सातेरीला जास्त धूर लागला की ती पोळ्यावर सैरावैरा पळते आणि राणी दिसणं अवघड होतं. चौकट उभीच धरायची. आडवी केली की ताजा मकरंद ठिबकतो. आधी नरांची घरं दिसतात. सातेरीच्या नराच्या घराची टोपी उंच असते आणि तिच्या मधोमध सुईने टोचल्यासारखं बारीक छिद्र असतं. एकदा पाहिलं की विसरत नाही. नर वाढले, म्हणजे वसाहतीच्या मनात काहीतरी शिजतंय. मग पोळ्याची खालची कड तपासायची. तिथे डोकं खाली करून लटकणारी, शेंगदाण्याच्या टरफलासारखी खडबडीत घरं दिसली, आत पांढरा लगदा आणि त्यात अळी असली, तर ते राणीघर.

यावर पहिला हात जातो तो राणीघरं मोडण्याकडे. मला विचाराल तर हा उपाय म्हणजे निव्वळ दिवस ढकलणं. एक घर पोळ्याच्या वळणात नजरेतून सुटतंच. आणि मोडलेली सगळी घरं माश्या दोन-चार दिवसांत पुन्हा बांधतात. राणीचे पंख कापणं तर त्याहून वाईट. थवा उडतो, राणी गवतात पडते, मुंग्या तिला नेतात.

त्यापेक्षा वसाहत फुटण्याआधी आपणच तिची वाटणी करावी. जुनी राणी माश्यांसकट एका चौकटीवर घेऊन नव्या पेटीत ठेवायची, ही नवी पेटी जुन्याच जागी मांडायची आणि मूळ पेटी थोडी दूर न्यायची. रानातून परतणारी माशी पेटी ओळखत नाही, जागा ओळखते. त्यामुळे सगळ्या रानमाश्या जुन्या जागी, जुन्या राणीकडे येतात. मधकोठीही तिच्यावर चढवायची. राणी आहे, कामकरी माश्या आहेत, पिलांचा भार मात्र जवळपास नाही. अशी पेटी मध साठवण्यात सगळ्यांच्या पुढे. दूर नेलेल्या पेटीत एकच चांगलं राणीघर ठेवून बाकीची काढून टाकायची, नाहीतर मागून आणखी छोटे थवे उडत राहतात. मग तीन-चार आठवडे त्या पेटीला हात लावायचा नाही. कुमारी राणी आकाशात अनेक नरांशी मिलन करून परतते आणि अंडी घालायला लागते; त्या काळात उघडलेल्या पेटीत राणी मारली जाण्याचा धोका असतो.

एवढं करूनही थवा फांदीवर लटकलाच, तरी हाय खाऊ नये. हातात थोडा वेळ असतो, कारण माश्यांचं नवं घर अजून ठरलेलं नसतं. मार्टिन लिंडाउअर या जर्मन संशोधकाने दुसऱ्या महायुद्धानंतर म्युनिकमध्ये असाच एक थवा पाहिला. त्यावर नाचणाऱ्या काही माश्या काजळीने काळ्या, काही विटांच्या भुकटीने लाल झालेल्या. त्या फुलांवरून आलेल्या नव्हत्या. धुराड्यांतल्या आणि पडक्या भिंतींतल्या जागा पाहून आल्या होत्या आणि नाचून आपापल्या जागेची शिफारस करत होत्या. हा वाद चालू असेपर्यंत टोपलीत थवा झाडून घेता येतो. पोटात मध भरलेला असल्याने माश्या सहसा डंखत नाहीत. पेटीत घालताना दुसऱ्या वसाहतीतली पिलाव्याची एक चौकट द्यावी. पिलं टाकून त्या सहसा जात नाहीत.

मध काढण्याची घाई मात्र अंगाशी येते. चौकटीचा निदान दोन-तृतीयांश भाग मेणाने बंद झाल्याशिवाय हात लावू नये. सातेरीचा मध आधीच थोडा पाणीदार. कच्चा काढला की बरणीत फसफसतो. महाबळेश्वरचं मध संचालनालय आणि २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झालेलं शेजारचं मांघर यांच्यामुळे इथल्या मधाला नाव आहे, ते आंबलेल्या बरणीने जायला वेळ लागत नाही. मेअखेर शेवटच्या दोन चौकटी पेटीतच राहू द्याव्यात. जून ते सप्टेंबर या भागात पाऊस असा कोसळतो, की माशीला आठवडाभर बाहेर पडता येत नाही. साखरेचा पाक द्यावा लागतोच, पण पाकावर जगलेली वसाहत आणि मधावर जगलेली वसाहत यांतला फरक सप्टेंबरात दारातल्या वर्दळीवरून कळतो. आणि ही वर्दळ कामी येते ती कारवीच्या वर्षी: कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, आणि फुलते ती पावसाच्या शेवटाला.