निरुत्तर प्रश्नाच्या उशाशी

वैद्यकशास्त्र 'कसे' या प्रश्नाचे उत्तर देते. 'का' हा प्रश्न मात्र रुग्णाच्या उशाशी तसाच बसून राहतो. बालरोगतज्ज्ञाला तो अधिक टोचतो, कारण पापपुण्याचा हिशेब मांडावा इतके आयुष्यच त्याच्या रुग्णाच्या गाठीशी नसते.

बदनावर परिसरात आणि धार-झाबुआच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलची मुले आम्हा डॉक्टरांना नवी नाहीत. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्याशा बदलाने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतात आणि मूल हाडांच्या वेदनेने रात्रभर कण्हत राहते. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत या आजाराची शक्यता 25 टक्के असते. हे सर्व मी समजावून सांगतो. ऐकून झाल्यावर आई विचारते, "पण साहेब, माझ्याच लेकराला का?"

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या समाजात फार स्वस्तात मिळते : पूर्वजन्मीचे पाप. आधीच खचलेल्या मातेवर ते अपराधाचे ओझे लादते. ईश्वरावर श्रद्धा असूनही मला ते मान्य नाही. विज्ञानाचे उत्तर अधिक प्रामाणिक आहे. या जनुकाची एकच प्रत असलेल्या वाहकाला गंभीर मलेरियापासून संरक्षण मिळते, म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले. सृष्टीच्या या योजनेत कोणाला ईश्वरी शहाणपणही दिसेल. पण एकाच्या रक्षणाची किंमत दुसऱ्या बालकाने का मोजावी, हे त्यातून उमगत नाही.

अशा वेळी मला आपल्या माळव्यातीलच देवास आठवते. कुमार गंधर्व 1948 मध्ये ऐन तारुण्यात क्षयाने ग्रस्त होऊन तेथे राहावयास आले. डॉक्टरांनी गाणे बंद करविले. पत्नी भानुमतींची शुश्रूषा आणि तेव्हा नवे असलेले स्ट्रेप्टोमायसिन यांमुळे ते बरे झाले व 1953 मध्ये मैफलीत परतले. मधल्या मूक वर्षांत त्यांनी अंथरुणावरून माळव्याची लोकगीते ऐकली. नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजनेही त्यांना याच भूमीत भेटली. पुढे 1961 मध्ये, ज्यांनी त्यांना मृत्यूच्या दारातून परत आणले, त्या भानुमतीच बाळंतपणात गेल्या. असे का व्हावे? त्यांच्या निर्गुणी गायनात मला या प्रश्नाचा खुलासा ऐकू येत नाही. ऐकू येते ती दुःखाला सन्मुख होऊनही न ढळलेली शांती.

त्या गायनाने मला ऐकण्याचे मोल शिकविले. आईचा तो प्रश्न माहिती मागत नसतो, सोबत मागत असतो. म्हणून मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसतो, तिचे सारे बोलणे ऐकून घेतो आणि हा कोणाच्याही पापाचा परिणाम नव्हे, हे तिला स्पष्ट शब्दांत सांगतो. मग हायड्रॉक्सीयुरिया, लसीकरण, भरपूर पाणी, भावंडांची तपासणी, असे हाती असलेले सर्व उपाय करतो. 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानामुळे तपासणीला बळ मिळाले आहे. विवाहापूर्वी दोघांची तपासणी व्हावी, यासाठी आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांनीही शब्द टाकावा.

दुःखाचे कारण ईश्वराने आपल्याला सांगितलेले नाही. दुःखिताजवळ बसण्याची बुद्धी मात्र त्याने दिली आहे, आणि आम्हा वैद्यांना ती रोज वापरता येते.