थंडीत मोटारसायकल सुरू करताना

गळीत हंगाम आणि गारठा जोडीनेच येतात. आपल्या बालाघाटच्या माळावर पहाटे फडाकडे निघावे, तर मोटारसायकल हटून बसते. कारण थंडीत पेट्रोलची वाफ कमी होते. म्हणून कार्बोरेटरच्या गाडीला चोक लावावा; हवा कमी जाऊन मिश्रण दाट होते. चावी बंद ठेवून दोन-तीन किक माराव्यात, मग चावी फिरवून मारावी. रेस पिळू नये. इंजिन तापताच चोक बंद करावा, नाहीतर प्लग काळा पडतो. २०२० नंतरच्या बहुतेक नव्या गाड्या इंजेक्शनच्या. त्यांना चोक नसतो, बॅटरी सांभाळावी.

आमची कळकळीची विनंती : गाडी बंद घरात वा गोठ्यात तापवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कळायच्या आत जीव जातो. गाडी आधी अंगणात काढा, मगच किक मारा.